मागच्या खोलीतला स्पीकर

आषाढी पौर्णिमा चार दिवसांवर आली की अण्णा पेन्सिलीला टोक काढायला बसतात. पडवीत, पायाशी जुनं वर्तमानपत्र पसरून, ब्लेडने. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर मास्तरकी केली, आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. टोक मनासारखं झालं की ते ग्रंथावरचं गेल्या वर्षीचं पांढरं कापड उतरवतात, नवं चढवतात आणि समासात स्वतःच लिहिलेल्या तिथ्या एकदा डोळ्यांखालून घालतात. आम्हा बौद्धांच्या वर्षावासाचे तीन महिने, आषाढातल्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत, आमच्या घरी रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. कुठल्या तिथीला कुठून कुठपर्यंत वाचायचं हे चाळीस वर्षांपूर्वी ठरलं, त्यात एक दिवस सोडला तर आजवर ओळीचाही फरक नाही. यंदाही टोक काढून झालं. फक्त पेन्सिल हातातून निसटली ती त्यांना दिसेना, मी उचलून दिली.

पेन्सिलीच्या भुशाचा वास मला लहानपणापासून आवडतो. यंदा तो वास आला आणि आधी शिडी आठवली. गेल्या वर्षी याच दिवसांत मी इथेच, याच पडवीत, शिडीवर चढून वायर ओढत होतो आणि स्वतःवर फार खूश होतो.

माझं आयुष्य थळच्या खताच्या कारखान्यात गेलं. तीस वर्षं मी मीटरं सांभाळली. कुठल्या पाइपात दाब किती, टाकीत पाणी किती, भट्टी किती तापली, हे सगळं काट्यांवर दाखवणारी मीटरं. नवीन लागलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो, आणि ती जरा दरडावूनच सांगायचो. कंट्रोल रूममध्ये बसून काटा हलला म्हणून समाधान मानू नका. उठा, चालत जा, पाइपाच्या शेवटच्या टोकाला उभे राहा आणि तिथे काय आहे ते बघा. माझ्या या वाक्याची लोक माझ्या मागे नक्कल करायचे. मला माहीत होतं, आणि आवडायचंही.

आईला वाचता येत नव्हतं. अण्णांनी लग्नानंतर पाटी हातात दिली होती म्हणे, पण शेत, गुरं आणि आम्ही चार भावंडं यांच्यात ती पाटी कुठे गेली कोणास ठाऊक. वाचन मात्र तिने कधी चुकवलं नाही. मधल्या खोलीच्या दाराला पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून ती बसायची. एरवी तिचे हात रिकामे कधी दिसायचे नाहीत, त्या तासाभरातच दिसायचे. चाळीस वर्षं ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. अण्णांच्या आधी अर्धा शब्द तिचे ओठ हलायचे. चष्म्याच्या गडबडीत अण्णांची ओळ सुटली की ती तिथूनच म्हणायची, "मागं जावा, एक ओळ ऱ्हायली." आणि आमचे मास्तर, ज्यांच्यापुढे आख्खी वाडी चळाचळा कापायची, ते निमूट मागे जायचे.

गेल्या वर्षी ज्येष्ठात ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मोरीला लागून म्हणून मागच्या खोलीत तिची खाट टाकली. तिथून तिने दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. मला वाटलं, दुखतंय म्हणून सांगेल. ती म्हणाली, "विजू, वाचन तेवडं माज्या कानावर पडलं पायजे. बाकी माजं काय मागनं न्हाय."

मागणं साधंच. पण आमचं घर लांबुडकं, एकामागे एक खोल्या. वाचन पुढे पडवीत, कारण वीस-पंचवीस माणसं तिथेच मावतात. आई सगळ्यात मागे. वर पत्रे. श्रावणात त्या पत्र्यांवर पाऊस लागला की शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, मग अण्णांचा थकलेला आवाज तिथवर काय पोचणार. एकदा आम्ही चौघांनी खाट उचलून पुढे आणायचा प्रयत्न केला. मधल्या दारातच तिने असा आवाज काढला की आम्ही तिथेच थांबलो आणि खाट परत नेली. मी म्हटलं, अण्णा तुझ्या खोलीत बसून वाचतील. तर म्हणे, "त्यांचा दम पुरायचा न्हाय दोनदा. आनि वाचन चार मानसांत व्हतं, तसंच ऐकायचं."

तेव्हा मला कपाटावरचा होम थिएटर आठवला. प्रज्ञाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या हळदीला घेतलेला. पाच लहान स्पीकर, एक मोठा धडधडणारा डबा आणि माईक लावायची सोय. हळदीला त्याने वाडी दणाणून सोडली होती, त्यानंतर तो चादरीत गुंडाळून पडला होता. मी चादर सोडली, आतून दोन पाली पळाल्या आणि माझ्या डोक्यात सगळा नकाशा तयार झाला. मधला स्पीकर अण्णांच्या टेबलावर. पुढचे दोन, एक पडवीच्या टोकाला, एक मधल्या खोलीत. मागचे दोन, एक स्वयंपाकघरात, एक आईच्या उशाशी. मोठा डबा तेवढा लावला नाही. तो लावला असता तर अण्णा कारखान्याच्या भोंग्यासारखे ऐकू आले असते.

दोन दिवस मी त्या कामात होतो. वाशाच्या कडेने वायर नेली, भिंतींना भोकं पाडली, जिथे कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं तिथून वळसा घेतला. गुडघे दुखत होते, पण कोणी शिडीला हात लावलेला मला चालत नव्हता. बायको, सुलभा, चहा घेऊन आली तर तिलाही म्हटलं, "बाजूला हो, वायर तुडवशील." आई खाटेवरून सगळं बघत होती आणि सूचना करत होती. "त्या कोपऱ्यात जळमट हाय. डोळं मीट नं मग हात घाल." शेवटचा स्पीकर तिच्या उशाशी खिळ्याला टांगला आणि मोबाइलवरून एक गाणं लावलं. ते तिच्या कानाशी वाजलं. तिने मान वळवून स्पीकरकडे पाहिलं, बोट लावलं आणि म्हणाली, "अगो बाय. माज्याच उशाशी गातंय जनू." पडल्यापासून ती तेव्हा पहिल्यांदा हसली असेल. मी खोलीतून बाहेर आलो ते छाती फुगवून.

पौर्णिमेला सगळे जमले. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, अण्णांनी माईक हातात घेतला. मी यंत्रापाशी बसलो होतो, आवाजाच्या बटणावर बोट ठेवून. पहिलं पान झाल्यावर मी मागे तोंड करून मोठ्याने विचारलं, "आई, येतंय का ऐकू?"

मागून आवाज आला, "येतंय की. चांगलं येतंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, जसं काही विशेष केलं नाही.

त्याच दिवशी मध्येच माईकने शीळ घातली. कानात सळई घुसावी तशी. असं होतं, स्पीकरचा आवाज फिरून माईकमध्ये शिरला की होतं. मी निदान केलं की मागच्या खोलीतला आवाज उघड्या दारातून पुढे येतोय. दुसऱ्या दिवसापासून वाचन सुरू व्हायच्या आधी मी स्वतः जाऊन आईच्या खोलीचं दार लावून घ्यायला लागलो. आवाजही थोडा उतरवला. शीळ थांबली. मी म्हटलं, बघा, दाराचाच दोष होता. आई एकदाच म्हणाली, "दार ऱ्हाऊ दे की उगडं. वारा येतो जरा." मी म्हटलं, "आई, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं? तासाभराचा प्रश्न आहे."

रोज वाचन संपलं की मी दूध घेऊन तिच्याकडे जायचो आणि विचारायचो, आलं का ऐकू. ती म्हणायची, आलं. मी विचारायचो, काय वाचलं आज? ती सांगायची. राजपुत्र घर सोडून निघतात तो भाग. नदीच्या पाण्यावरून भांडण लागतं तो भाग. बरोबर तोच असायचा. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय तपासायचं होतं? मीटर नीट चालतं आहे, एवढंच मला दिसत होतं.

एकदा सुलभा म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात काही येत नाही हो. आज भाकऱ्या राहिल्या होत्या म्हणून आत होते, तर नुसती खरखर." मी म्हटलं, तू फोडणी घालत असशील. ती म्हणाली, भाकरीला कसली फोडणी. मी ऐकलं न ऐकलं केलं. दुसऱ्या दिवसापासून ती भाकऱ्या लवकर उरकून पुढे येऊन बसायला लागली आणि विषय मिटला.

मग भाद्रपदातली ती संध्याकाळ. वाडीच्या मधून जाणारा पऱ्या, म्हणजे ओढा, फुगला होता, पलीकडच्या आळीतलं कोणी येऊ शकलं नाही. पाच-सहा जणंच होतो. अण्णा म्हणाले, आजचा भाग सगळ्यांनी ऐकावा असा आहे, तो उद्या घेऊ. आज कालचंच पुन्हा वाचतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिथी चुकली. मी दूध घेऊन गेलो, विचारलं, काय वाचलं आज? आईने त्या तिथीचा भाग सांगितला. जो वाचलाच नव्हता तो.

मी म्हटलं, "नाही आई, आज कालचंच वाचलं पुन्हा."

तिने दुधाचा पेला हातात घेतला. मग म्हणाली, "व्हय का? इसरले बग."

मी बाहेर येऊन सुलभाला सांगितलं, आईचं आता घसरायला लागलं. डॉक्टर आले तेव्हा त्यांनाही बाजूला घेऊन सांगितलं, स्मरणशक्ती जातेय. त्यांनी एक गोळी वाढवली. ती गोळी मी रोज माझ्या हाताने तिला द्यायचो आणि ती गुपचूप गिळायची.

आश्विन लागायच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, आम्ही जेवत असताना आई गेली. सुलभा भात घेऊन गेली होती, ती ताट तसंच घेऊन परत आली. आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्याला लांबलांबची माणसं आली. मुरूडची मावशी, पनवेलहून प्रज्ञा, माझ्या कारखान्यातले जुने सोबती. मागच्या खोलीत जाऊन जो तो स्पीकर बघून यायचा. अण्णा बोलायला उभे राहिले. त्यांना फार बोलवेना. एवढंच म्हणाले, "ती झोपून होती, पण तिचं वाचन चुकलं नाही. एक दिवस चुकलं नाही. ते विजूमुळे." लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवले. मी रडलो, आणि खरं सांगतो, त्या रडण्यात समाधान होतं. आई गेली, पण तिची एक इच्छा आपल्या हातून पुरी झाली, या एका गोष्टीवर मी वर्ष काढलं. अण्णांनीही त्याच्यावरच काढलं.

यंदा पौर्णिमेच्या दिवशी मी यंत्र पुसून जोडणी केली. अण्णा म्हणाले, "तिच्या खोलीतला पण राहू दे चालू." मी कशाला बंद करतोय. यंदा माणसं जास्त आली, सतरंजी कमी पडली. ती आईच्या खोलीत, खाटेवरच्या गादीखाली घडी करून ठेवलेली असते. वाचन सुरू झालं होतं, म्हणून मी पावलं न वाजवता गेलो आणि सवयीने आत शिरताना दार लोटून घेतलं.

खोलीत काही ऐकू येत नव्हतं.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. नीलगिरीच्या तेलाचा वास अजून भिंतीत होता. स्पीकरवरचा लाल दिवा लागलेला होता. मी जवळ जाऊन कान लावला. बारीक खरखर येत होती, आणि अण्णांनी पान उलटलं असावं तेव्हा थोडं फरफरल्यासारखं झालं. शब्द एकही नाही. मी मनाला समजावलं, उंदरांनी वायर कुरतडली असेल. सतरंजी घेऊन पुढे गेलो. त्या दिवशी काय वाचलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायर हाताने चाचपत टोकापर्यंत गेलो. अख्खी होती. मोबाइलवरून गाणं लावलं, आईच्या खोलीत ठणठणीत वाजलं. मग सुलभाला माईक दिला आणि म्हटलं, बोल. ती काय बोलणार, म्हणाली, "एक, दोन, तीन, चार." मी मागच्या खोलीत दार लावून उभा होतो. खरखर. नुसती खरखर. मी बाहेर आलो. ती अजून माईक धरून उभी होती, म्हणाली, "मी तेव्हाच तुम्हाला," आणि वाक्य अर्धं टाकून तिने माईक टेबलावर ठेवला.

यंत्रासोबत आलेलं पुस्तक शोधलं, चष्मा लावून बसलो. अर्ध्या तासात कळलं. गाणं दोन धाग्यांचं असतं, डावा आणि उजवा. हे यंत्र दोन्ही ताडून बघतं आणि दोघांत जेवढा फरक असेल तेवढाच मागच्या स्पीकरांना देतं, म्हणजे सिनेमातला वारा-पाऊस मागून आल्यासारखा वाटतो. माईकवर बोलणारा माणूस एकटाच. त्याचा आवाज डावीकडे जेवढा तेवढाच उजवीकडे. फरक काहीच नाही, म्हणून मागे काहीच जात नाही. गाणं आईच्या उशाशी वाजत होतं, अण्णा वाजत नव्हते. सगळ्या स्पीकरांना सारखा आवाज द्यायचं एक बटण रिमोटवर आहे. ते दाबायचं होतं. एवढंच करायचं होतं.

आणि दारामुळे शीळ येतच नव्हती. मागचा स्पीकर मुका असताना तो कसली शीळ घालणार. शीळ टेबलावरच्या स्पीकरची होती, आवाज उतरवल्यावर ती थांबली. पहिल्या दिवशी आईने "येतंय" म्हटलं तेव्हा उघड्या दारातून तिला खरोखरच थोडं ऐकू येत असेल. ते दार मी माझ्या हाताने लावलं. रोज लावलं. तिला जो आपल्या नवऱ्याचा मूळचा, विनायंत्राचा आवाज पावसातून थोडाफार पोचत होता, तोही मी बंद केला आणि वर दूध घेऊन विचारायला गेलो, आलं का ऐकू.

ती तिथी मोजत होती. खिडकीतून चंद्र दिसला तर चंद्रावरून, नाही तर मनाने. आज अमुक तिथी, म्हणजे अमुक भाग. त्या बंद खोलीत तासभर ती स्वतःशीच म्हणत असेल, ओठ हलवत, अण्णांच्या अर्धा शब्द पुढे, पण मागे अण्णा नाहीत. मी हे चित्र डोळ्यांसमोरून काढायचा खूप प्रयत्न केला. जात नाही.

तिने सांगितलं का नाही, हा प्रश्न मला महिनाभर छळतोय. मी शिडीवर चढून दोन दिवस खपलो, त्याचा मान राखला, असं म्हणता येईल. मलाही तसंच म्हणून घ्यायला आवडेल. पण खरं कारण वेगळं असावं. तिने "येत न्हाय" म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? सगळ्या वायरी उपटल्या असत्या. सुलभावर ओरडलो असतो, माईक धरायची पद्धत चुकीची म्हणून अण्णांना बोललो असतो, चार माणसांसमोर. माझ्या रागाला घरातली सगळी माणसं सांभाळून असतात हे मला माहीत होतं. आईसुद्धा सांभाळून होती, हे मला साठाव्या वर्षी कळलं. तिने विसरभोळी ठरणं पत्करलं, वरची ती गोळी पत्करली, पण मला सांगितलं नाही. कारखान्यात मी लोकांना टोकाला जाऊन बघा म्हणून दटावायचो. इथे टोक दोन खोल्या पलीकडे होतं, आणि वाचन चालू असताना मी तिथे एकदाही जाऊन बसलो नाही.

पुस्तकातून कळलं त्याच संध्याकाळी मी ते बटण दाबलं. वाचन सुरू झाल्यावर मागे गेलो, खाटेच्या कडेला बसलो, दार सताड उघडं ठेवलं. अण्णांचा आवाज उशाशी आला. श्वास घेतलेला ऐकू येत होता, जीभ ओठांवरून फिरवलेली ऐकू येत होती. एके ठिकाणी त्यांची ओळ सुटली. मला कळलं, पण "मागं जावा" म्हणायला माझं तोंड उघडलं नाही, कारण सुटलेली ओळ कोणती ते मला येत नव्हतं. तिला आली असती. तेव्हापासून मी रोज तिथेच बसतो. पुढे बटणापाशी कोणी नसतं, आणि काही बिघडत नाही.

त्या पहिल्या दिवशी वाचन संपल्यावर अण्णा भिंतीला धरत धरत मागे आले. मला खाटेवर बघून दारात थांबले. म्हणाले, "आज माझा आवाज मागूनही येत होता रे. घरभर. गेल्या वर्षी असा यायचा नाही."

मी म्हटलं, "जरा सेटिंग बदललं."

ते स्पीकरकडे बघत उभे राहिले. चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग अगदी हळू, शाळेतल्या पोराने मास्तरांना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तिला यायचा ना रे, नीट?"

मी म्हटलं, "यायचा की, अण्णा. चांगला यायचा."